सुटा लग वेगळा, रीलवरची पट्टी वेगळी

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतून एका तरुण वाचकाचं पत्र आलं आहे. ते थोडं आटोपशीर करून देतो:

"आमचं छोटं प्रेस-शॉप आहे. मी आयटीआयला टूल अँड डाय मेकर केलं, सातपूरच्या एका टूलरूममध्ये काम केलं आणि मग बाबांच्या हाताखाली परत आलो. दहा टनी आणि वीस टनी अशा दोन प्रेस आहेत. पंपाच्या स्टार्टर-पॅनलसाठी सुटे लग आणि थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे) काढतो. शिरपूर, दोंडाईचा, अमळनेरपर्यंत माल जातो. आता नाशिकच्या एका हार्नेसवाल्याने (तारांचे तयार जुडगे बनवणाऱ्याने) ६.३ मिमीचं फिमेल टर्मिनल (चपट्या टॅबवर बसणारं तारेचं टोक) सलग पट्टीत, रीलवर गुंडाळून मागितलं आहे. ओळखीच्या माणसाकडून प्रोग्रेसिव्ह डाय (एकाच पट्टीवर टप्प्याटप्प्याने कापून-वळवून माल काढणारी) करून घेतली, पट्टी पुढे सरकवणारा जुना रोल फीडर लावला आणि नमुना पाठवला. तो नापास झाला. पट्टी एका बाजूला कमान घेते, पायलटची (पट्टीला जागेवर बसवणाऱ्या पिनची) भोकं लांबट होतात, त्याच्या मशीनवर माल सारखा अडकतो. सुधारून दिलं तर दर महिन्याला मोठी ऑर्डर देईन म्हणतो. नवी डाय आणि हाय-स्पीड प्रेस घ्यायची तर कर्ज काढावं लागेल. बँकेचा माणूस शेतीचा सातबारा मागतो. बाबा एकच सांगतात, 'हाई आपलं काम नही.' मी काय करू?"

भाऊ,

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. काम सोडू नका. पण आज नवी प्रेस घेऊ नका आणि सातबारा बँकेत नेऊ नका. तुमचा नमुना प्रेस लहान होती म्हणून नापास झालेला नाही. तुम्ही सगळं लक्ष टर्मिनलवर दिलंत आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या कडेकडे, म्हणजे कॅरिअरकडे, शेवटी स्क्रॅपमध्ये जाणारा पत्रा म्हणून पाहिलंत. हार्नेसवाला मात्र त्या कॅरिअरच्या भरवशावर मशीन चालवतो.

सुटा लग कसा वापरतात ते तुम्ही रोज पाहता. वायरमन खोक्यातून एक उचलतो, तार घालतो, हातातल्या टूलने दाबतो. लग जरा वाकडा असला तर बोटांनी सरळ करून घेतो. हार्नेसवाल्याला ही मुभा नाही. त्याच्याकडे रीलवरून पट्टी ॲप्लिकेटरमध्ये (मशीनच्या टर्मिनल तारेवर दाबणाऱ्या भागात) शिरते. फीड-फिंगर कॅरिअरच्या भोकात अडकून तिला एक पिच (दोन टर्मिनलांमधलं अंतर) पुढे ढकलतो. टर्मिनल खालच्या ॲन्व्हिलवर येऊन थांबतं, सोललेली तार त्यावर येते, वरून क्रिम्पर उतरून टर्मिनलचे पंख तारेभोवती वळवून दाबतो आणि त्याच झटक्यात कातर टर्मिनलला कॅरिअरपासून तोडते. हे सगळं सेकंदाच्या आत होतं. टर्मिनल जरा मागेपुढे आलं तर पंख अर्धवट दाबले जातात किंवा क्रिम्परची कड उडते, आणि मशीन बंद पडतं. मग त्याचा माणूस, त्याची तार, त्याची डिलिव्हरी सगळं खोळंबतं. तुमचा दर पाच पैशांनी कमी होता याची त्याला त्या वेळी आठवणही येत नाही.

दाबून जोडायच्या टर्मिनलचा धंदा ज्यांनी मोठा केला, त्या १९४१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एएमपी कंपनीने टर्मिनलबरोबर ते दाबायची यंत्रंही गिऱ्हाइकांना भाड्याने दिली. टर्मिनल, पट्टी आणि यंत्र यांचा विचार एकत्रच करायचा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्या बाबतीत यंत्र गिऱ्हाइकाकडे आहे आणि डाय तुमच्याकडे. म्हणून नव्या डायचा कागद उघडण्याआधी एकदा नाशिकला जाऊन त्याच्या मशीनशेजारी उभे राहा.

तिथे काय बघायचं? ॲप्लिकेटर साइड-फीड आहे की एंड-फीड, म्हणजे टर्मिनलं शेजारीशेजारी उभी लागतात की एकामागे एक. स्ट्रोक ३० मिमीचा आहे की ४० चा. मिनी-ॲप्लिकेटरची शट-हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर उरणारी उंची) बहुधा १३५.८ मिमी असते, पण त्याच्या प्रेसवर ती खरंच तेवढी लावलेली आहे का. कॅरिअरची रुंदी, भोकाचा व्यास, भोकापासून टर्मिनलच्या मध्यापर्यंतचं अंतर. रीलच्या मधल्या भोकाचा व्यास, आणि रील कुठल्या दिशेने सुटतं. कुठल्या चौरस मिमीच्या तारा त्यात दाबणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज त्याच्याकडे विनातक्रार चालणाऱ्या पट्टीचा मीटरभर तुकडा मागून आणा. ड्रॉइंगपेक्षा तो तुकडा तुम्हाला जास्त शिकवेल.

तो तुकडा आणि तुमचा नमुना सरफेस प्लेटवर शेजारी ठेवा. एकेक पिच मोजू नका, व्हर्नियरच्या हाताळणीतच तेवढी चूक होते. वीस पिच एकदम मोजा. पिच १२ मिमी असेल तर वीस पिचला २४० मिमी भरायला हवेत. २४०.६ भरले तर दर पिचला ०.०३ मिमी वाढताहेत. एका टर्मिनलमध्ये हे डोळ्यांना दिसणार नाही. पण फीड-फिंगर ज्या भोकात अडकतो ते ॲन्व्हिलच्या काही पिच मागे असतं, त्यामुळे मधल्या सगळ्या पिचची चूक बेरजेने क्रिम्परखाली येते. 'सारखा अडकतो' या तक्रारीचं एक मूळ इथे सापडेल.

आता लांबट भोकं. पत्रात जुना रोल फीडर वाचला आणि माझा संशय थेट त्याच्या रिलीजवर, म्हणजे पट्टी सोडण्याच्या वेळेवर गेला. प्रोग्रेसिव्ह डायमध्ये फीडर पट्टीला साधारण जागेवर आणतो, नेमकी जागा पायलट देतो. फीड पिचपेक्षा केसभर जास्त ठेवायचा, म्हणजे पायलट भोकात शिरताना पट्टीला किंचित मागे ओढून बसवतो. पण त्या क्षणी रोलरने पट्टी सोडलेली हवी. रोलरने धरून ठेवली आणि पायलटने ओढली, तर ०.४ मिमीचा पत्रा काय करणार? भोकाची कड ताणली जाते. हे स्वतः तपासा: मेन स्विच बंद करा, पायलटच्या निमुळत्या टोकाला मार्किंगची निळी शाई लावा आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा. पायलटचं टोक भोकाच्या कडेला लागायच्या आत रोलर उचलला गेला पाहिजे, आणि पायलट बाहेर निघायच्या आत रोलरने पट्टी पुन्हा धरली पाहिजे. शाई भोकाच्या एकाच बाजूला पुसली गेली, तर चोर सापडला. रिलीजचा कॅम सरकवून हे दुरुस्त होतं, त्याला नवी प्रेस लागत नाही. रोलर झिजून घसरत असतील तर मात्र फीडर बदला.

कमानीचा शोध थोडा लांबचा आहे. आधी डायमध्ये न गेलेली कोरी पट्टी मीटरभर कापून सरळ कडेला लावा. रुंद पत्र्याच्या पट्ट्या कापणाऱ्या स्लिटिंगवाल्याकडे कटर बोथट असले किंवा ताण एका बाजूला जास्त पडला, तर कॉइलच वाकडी येते. तसं असेल तर डायशी भांडून उपयोग नाही, कॉइल परत करा आणि पुढच्या ऑर्डरवर कमानीची मर्यादा लिहून घ्या. कोरी पट्टी सरळ असेल तर कमान डायमध्ये येते आहे. साइड-फीड पट्टीत कॅरिअर एकाच कडेला असतो. दुसऱ्या बाजूला कापाकापी, वळवणं, ठोकणं चालू असतं, त्यामुळे दोन्ही कडांची लांबी सारखी राहत नाही. जाणते डाय-मेकर यासाठी शेवटच्या स्टेशनांपैकी एकावर कॅरिअरच्या कडेला हलकेच दाबणारा छोटा पंच ठेवतात. बारीक स्क्रूने त्याची खोली कमी-जास्त होते. कॅरिअरची आखूड कड किंचित ताणली जाते आणि पट्टी सरळ होते. तुमच्या डायमध्ये हे स्टेशन नसणार असं मला वाटतं. रिकामं स्टेशन सोडलेलं असेल तर ते आताही बसवता येईल.

प्रेसबद्दल एक हिशेब करून पाहा. एका स्ट्रोकमध्ये सगळ्या स्टेशनांवर मिळून समजा १५० मिमी कड कापली जाते. पत्रा ०.४ मिमी, आणि हाफ-हार्ड पितळाची कातरताकद दर चौरस मिमीला २८० न्यूटन धरली, तर १५० गुणिले ०.४ गुणिले २८०, म्हणजे १६,८०० न्यूटन. टनात सांगायचं तर पावणेदोनच्या आत. वळवणं, कॉइनिंग, स्ट्रिपरच्या स्प्रिंगा मिळून हे तिप्पट झालं तरी तुमच्या वीस टनी प्रेसला त्याचं ओझं नाही. तिची अडचण दुसरी असणार: गिब (रॅमला सरळ धरणाऱ्या सरकपट्ट्या) झिजलेले, वर-खाली होणारा रॅम डोलतोय, बेडवर लांब डाय मावत नाही. डायल लावून रॅम आणि बेडची समांतरता बघा, गिब घट्ट करा. बॉल-केजचे पिलर असलेला डाय-सेट वापरा, पण डोलणाऱ्या रॅमला पिलर फार काळ सांभाळून घेत नाहीत हे ध्यानात ठेवा. हे सगळं करूनही जमलं नाही, तर नवी डाय सातपूर-अंबडमध्ये एखाद्याच्या चांगल्या प्रेसवर जॉबवर्कने चालवा. मुंबई-आग्रा रस्त्याने सकाळी कॉइल न्यायची, संध्याकाळी रील आणायची. नफा कमी पडेल, पण डाय खरी की खोटी ते कर्जाआधी कळेल. डिझाइन तपासायला आणि वायर-कटच्या (विजेच्या तारेने डाय कापायच्या) कामाला छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम आहे. तुमच्यासारख्या लहान युनिटला मदत करणं हे त्यांचं कामच आहे, संकोच करू नका.

पैसा कुठे मुरतो तेही बघा. २६ मिमी रुंद, ०.४ मिमी जाड पट्टी आणि १२ मिमी पिच धरली, तर दर टर्मिनलमागे १२४.८ घन मिमी पितळ लागतं. वजन होतं सुमारे १.०६ ग्रॅम. प्रत्यक्ष टर्मिनल त्यातलं पाऊण ग्रॅम असेल तर तीस टक्क्यांच्या आसपास पितळ स्क्रॅपमध्ये गेलं. रुंदी एक मिमीने कमी करता आली तर जवळजवळ चार टक्के माल वाचतो, आणि हा फायदा दर स्ट्रोकला मिळत राहतो. कथील चढवलेल्या पट्टीचं स्क्रॅप साध्या पितळात मिसळू देऊ नका, भंगारवाला सगळ्याचाच भाव पाडतो.

धातूबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण आपल्या भागाचा इथे थेट संबंध येतो.

फिमेल टर्मिनल म्हणजे मुळात स्प्रिंग. ६.३ बाय ०.८ च्या टॅबवर ते वर्षानुवर्षं घट्ट बसून राहायला हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि शेतातल्या पत्र्याच्या पॅनलमध्ये तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. वरून मोटरचा करंट. पितळ अशा उष्णतेत हळूहळू आपली पकड सोडतं. पकड ढिली झाली की जोडावरचा रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं, आणि एक दिवस टर्मिनल काळं पडून प्लास्टिक वितळतं. शेतकरी म्हणतो मोटर जळाली.

दुसरा शत्रू गोठ्यात आहे. कित्येक ठिकाणी स्टार्टर गोठ्याच्या भिंतीला लावलेला असतो आणि खाली युरियाच्या गोण्या रचलेल्या असतात. शेण-मूत आणि ओला युरिया यांतून अमोनिया सुटतो. वाकवलेल्या, आत ताण राहिलेल्या पितळाला अमोनिया आणि दमट हवा एकत्र मिळाली की त्याला भेगा पडतात. हे आजचं ज्ञान नव्हे. इंग्रजी राजवटीत इथल्या पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेली पितळी काडतुसं अशीच तडकत आणि त्यावरूनच हा दोष ओळखीचा झाला. त्यावर जुना इलाज म्हणजे वाकवल्यावर पितळ अडीचशे अंशांच्या आसपास तापवून आतला ताण काढायचा. पण तुमची पट्टी कथील चढवलेली असेल, तर कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणजे तो रस्ता बंद. कथिलाचा थर काही प्रमाणात संरक्षण देतो, मात्र आधीच कथील चढवलेली पट्टी कापली की कापलेल्या कडा उघड्याच राहतात.

म्हणून हार्नेसवाल्याला स्पष्ट विचारा की हा माल कुठे जाणार. घरगुती मिक्सर-कूलरमध्ये जाणार असेल तर कथील चढवलेलं ७०-३० पितळ ठीक आहे. शेतपंपाच्या पॅनलमध्ये जाणार असेल तर फॉस्फर ब्राँझचा नमुनाही द्या. त्याची वीजवाहकता कमी आहे, तांब्याच्या १५ टक्क्यांच्या आसपास, पितळाची २८. किंमतही जास्त. पण उष्णतेत ते पकड चांगली टिकवतं आणि अमोनियाला पितळासारखं बळी पडत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर नाही. तुम्ही मात्र तुमच्या शिरपूर-दोंडाईचाच्या मालात हा विचार कराच, ते पंप आपल्याच लोकांचे आहेत. आणि कुठलाही धातू घ्या, वळणाची रेघ रोलिंगच्या दिशेला आडवी येईल असाच लेआउट ठेवा. दिशेला समांतर वळवलं की बाहेरच्या बाजूला बारीक चिरा येतात.

बरबद्दल (कापताना कडेला उरणाऱ्या धारेबद्दल) थोडक्यात: पितळाला पंच-डायमधली फट दर बाजूला जाडीच्या पाच ते आठ टक्के, म्हणजे ०.४ मिमीला ०.०२ ते ०.०३ मिमी. बर कुठल्या बाजूला येणार ते ड्रॉइंगवर लिहा. टॅब घासणाऱ्या बाजूला आली तर कथील खरवडते, पंखांच्या बाहेर आली तर गिऱ्हाइकाचा क्रिम्पर खाते. रीलमध्ये प्रत्येक थरामध्ये कागदाची पट्टी घाला, नाहीतर टर्मिनलं एकमेकांत अडकून सोडवताना वाकतात.

प्रेसच्या आधी दोन वस्तू घ्या: एका बाजूला टोकदार ॲन्व्हिल असलेला क्रिम्प-हाइट मायक्रोमीटर आणि तार ओढून पाहायचा पुल-टेस्टर. रीलबरोबर प्रत्येक तारेसाठी क्रिम्प-हाइट (दाबलेल्या जोडाची उंची) किती ठेवायची याचा तक्ता द्यावा लागतो आणि तो तुम्हीच दाबून, ओढून काढलेला असला पाहिजे. आयईसी ६०३५२-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ०.५ चौरस मिमीच्या तारेला किमान ६० न्यूटन, ०.७५ ला ८५, १.५ ला १५० आणि २.५ ला २३० न्यूटन ओढ सहन व्हायला हवी. पण नुसत्या ओढीवर जाऊ नका. दाबलेला जोड आडवा कापा, बारीक एमरीवर घासून चकचकीत करा आणि भिंगाखाली धरा. तारेचे धागे एकमेकांवर दाबून बहुकोनी झालेले, मध्ये फट नाही, पंखांची टोकं आत नीट वळलेली, असं दिसलं तर क्रिम्प बरोबर. काळी पोकळी दिसली तर हाइट कमी करा. धागे चिरडलेले किंवा पंख तळाला टेकलेले दिसले तर वाढवा. ते कापलेले नमुने फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. त्या फोटोंनी तुमच्याबद्दल जेवढा विश्वास बसेल तेवढा दर कमी करून बसणार नाही.

आता कर्जाचं. बाबांच्या बोलण्यात मला भित्रेपणा दिसत नाही. जमीन गेली तर परत येत नाही हे त्यांनी आजूबाजूला पाहिलेलं असणार. सातबाऱ्याबाबत ते बरोबरच आहेत. कामाबाबत मात्र, शाई लावून भोकं तपासताना त्यांनाच शेजारी उभं करा. इतकी वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाला रॅमचा आवाज तुमच्यापेक्षा लवकर कळतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला किमान दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यापुढच्या रकमेसाठी केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने २००० साली उभारलेल्या सीजीटीएमएसई या हमी निधीतून तारणाशिवाय कर्ज देता येतं. बँकेत हे नाव घेऊनच बोला आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा. पीएमईजीपी या सरकारी रोजगार योजनेचं अनुदान मिळवून देतो असं कुणी सांगितलं तर सावध राहा. ती योजना मुख्यतः नव्या युनिटसाठी आहे, तुमचं युनिट चालू आहे.

उद्यम नोंदणी नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण हा हक्क सांगायला नोंदणी हवी. 'मोठी ऑर्डर देईन' हे तोंडी आहे. त्याच्याकडून महिन्याला किती रीलं, किती महिने, पितळाचा भाव हलला तर दर कसा बदलणार, हे कागदावर घ्या. नव्या डायचा निम्मा खर्च त्याने द्यावा असं सुचवा. दिला, तर डाय कोणाची, तिच्यावर दुसऱ्या कोणासाठी माल काढता येईल का आणि ऑर्डर बंद झाली तर ती कोण ठेवणार, हेही त्याच कागदात येऊ द्या. त्यावर त्याची सही झाली की मगच वायर-कटवाल्याला ॲडव्हान्स पाठवा.